रिसेप्टरमध्ये जवळजवळ शून्य आले, म्हणजे त्वचेत काही शिरलेच नाही का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. काजळीत आणि धुळीत सापडणारे बेन्झो-ए-पायरीन मानवी त्वचेतून किती शोषले जाते, हे तुम्ही फ्रांझ सेलमध्ये (वर डोस, मधे त्वचेचा तुकडा आणि खाली द्रव अशा काचेच्या मांडणीत) मोजले. सेलचे तोंड १.७७ चौ. सेंमी., रिसेप्टर, म्हणजे त्वचेखालचा द्रवाचा कप्पा, १२ मिली, त्यात साधे फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे पाणी). १० मायक्रोग्रॅमचा डोस ॲसिटोनमधून दिला, २४ तास ठेवला. शेवटी रिसेप्टरमध्ये ०.२ टक्के, धुण्याच्या बोळ्यांत ४१ टक्के आणि त्वचेत ३० टक्के सापडले. बेरीज ७१. तुम्ही विचारता की 'शोषण ०.२ टक्के' असे लिहावे का, उरलेले २९ टक्के उडून गेले असे धरावे का, आणि तसे नसेल तर हा सगळा डेटा फेकून द्यायचा का.

पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही. तिसऱ्याकडे शेवटी येतो.

०.२ टक्क्यांपासून सुरुवात करू. बेन्झो-ए-पायरीन पाण्यात जवळपास विरघळतच नाही: लिटरभर पाण्यात साधारण १.५ ते ४ मायक्रोग्रॅम. म्हणजे तुमच्या १२ मिली बफरमध्ये फार तर १८ ते ४८ नॅनोग्रॅम मावतील. डोस होता १०,००० नॅनोग्रॅम. म्हणजेच त्वचा पूर्ण चाळणी असती तरी रिसेप्टरने ०.२ ते ०.५ टक्क्यांच्या वर काही दाखवले नसते. तुम्हाला मिळालेला आकडा नेमका या मर्यादेला टेकलेला आहे. तो त्वचेबद्दल काही सांगत नाही, बफरमध्ये किती मावते एवढेच सांगतो.

शरीरात तसे नसते. एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या, लगेच खाली केशवाहिन्यांचे जाळे असते आणि रक्तातली प्रथिने व मेद अशा तेलकट रेणूंना उचलून नेतात. खालची बाजू सतत रिकामी राहते, म्हणून वरून खाली ओढ टिकते. प्रयोगात ही ओढ आपल्याला तयार करावी लागते. माझा नियम असा की रिसेप्टरमधली प्रत्यक्ष सांद्रता त्या द्रवातल्या संपृक्त विद्राव्यतेच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाता कामा नये. तुमच्या बाबतीत ती मर्यादा दोन-चार नॅनोग्रॅमवरच संपते, म्हणून साधे बफर इथे चालणारच नाही.

याचा पुरावा हवा असेल तर १९९० मध्ये वेस्टर, मायबाक आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थावर केलेले काम पाहा. ॲसिटोनमधून दिलेले बेन्झो-ए-पायरीन मानवी त्वचेच्या तुकड्यात सुमारे २४ टक्के शिरले, पण खालच्या द्रवात, तिथे मानवी प्लाझ्मा असूनही, एक टक्कासुद्धा उतरले नाही. तोच पदार्थ जिवंत ऱ्हिसस माकडांच्या त्वचेवर लावला तेव्हा २४ तासांत सुमारे ५१ टक्के शोषला गेला. मातीत मिसळून लावल्यावर हाच आकडा १३ टक्क्यांवर आला. दूषित मातीच्या धोक्याचा अंदाज बांधताना अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था या गटातल्या (बहुचक्री ॲरोमॅटिक) संयुगांसाठी जो १३ टक्क्यांचा आकडा वापरते, तो इथूनच आलेला. फक्त रिसेप्टरकडे बघून निष्कर्ष काढला असता तर उत्तर किती खाली गेले असते, याचा अंदाज यावरून येतो.

रिसेप्टर कसा बदलायचा हे त्वचा कशी आहे यावर अवलंबून आहे. ताजी, चयापचय चालू असलेली त्वचा असेल तर बफरमध्ये ५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन). गोठवून ठेवलेली असेल तर पर्याय वाढतात: ६ टक्के ओलेथ-२० (साबणासारखे द्रव्य), किंवा इथेनॉल आणि पाणी निम्मे-निम्मे. तिन्हीला आपापली किंमत आहे. अल्ब्युमिन असले की नमुना थेट क्रोमॅटोग्राफीत घालता येत नाही, आधी प्रथिन अवक्षेपित करा किंवा द्रावकाने काढून घ्या, आणि त्यात किती माल प्रथिनाबरोबर खाली बसतो ते स्वतंत्र तपासा. ओलेथ-२० मास स्पेक्ट्रोमीटरला फार त्रास देते. मात्र तुमच्या पदार्थाला फ्लुओरेसन्स डिटेक्टर उत्तम चालतो, त्यामुळे ती अडचण टळेल. इथेनॉल खालून त्वचेत शिरते आणि अडसर सैल करू शकते, म्हणून ते मी शेवटचा पर्याय धरतो. जे निवडाल त्यात ३२ अंशांना २४ तास ढवळून, गाळून, विद्राव्यता स्वतः मोजा. पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका.

आता हरवलेल्या २९ टक्क्यांकडे. 'उडून गेले' हे स्पष्टीकरण नॅफ्थलीनला लागू पडते, बेन्झो-ए-पायरीनला नाही. त्याचा बाष्पदाब इतका कमी आहे की तुमच्या सेलच्या तोंडावरून २४ तासांत दोन-चार नॅनोग्रॅमपलीकडे काही जाणार नाही. मग उरलेले २,९०० नॅनोग्रॅम गेले कुठे? माझ्या संशयाचा क्रम असा.

सर्वांत आधी डोस. तुम्ही १० मायक्रोग्रॅम दिले असे *धरले* आहे, मोजलेले नाही. ॲसिटोन साध्या हवेच्या पिपेटमध्ये ओढले की त्याची वाफ टिपमध्ये भरते आणि टोकाशी थेंब आपोआप गळतो. १७ मायक्रोलिटर देताना एक छोटा थेंब बाहेर पडला तरी चौथा हिस्सा गेला. ज्यात दट्ट्या थेट द्रवाला टेकतो असे पिपेट किंवा काचेची मायक्रोसिरिंज वापरा. आणि खरा डोस मोजायचा तर पहिल्या सेलच्या आधी, मधे कधीतरी आणि शेवटच्या सेलनंतर तोच डोस तशाच हाताने थेट काचेच्या फ्लास्कमध्ये सोडा व त्याचे विश्लेषण करा. या तीन-चार फ्लास्कची सरासरी हा तुमचा शंभर टक्के. टक्केवारीचा छेदच चुकलेला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, आणि ही चूक वरून दिसत नाही.

दुसरा संशय प्लास्टिकवर. इतके तेलकट रेणू सिलिकॉनची नळी, प्लास्टिकची सिरिंज, रबरी रिंग यांत शिरून बसतात. पदार्थाच्या वाटेत काच आणि टेफ्लॉन यांखेरीज काही नको. डोनर चेंबर (त्वचेवरचा कप्पा), क्लॅम्पखालची रिंग आणि रिकामा केलेला रिसेप्टर, सगळे द्रावकाने खळबळून वेगळ्या कुप्यांत घ्या.

तिसरा प्रकाशावर. हा पदार्थ उजेडात तुटतो. सेलभोवती ॲल्युमिनियम फॉइल, कुप्या तपकिरी काचेच्या, डोस देतानाही दिवे मंद.

चौथा त्वचेच्या निष्कर्षणावर, म्हणजे आतला माल द्रावकाने काढून घेण्यावर. त्वचेचा सबंध तुकडा द्रावकात टाकून तासभर हलवला तर आतला माल बाहेर येत नाही. कात्रीने बारीक चिरा, ॲसिटोनात रात्रभर हलवा, द्रावण काढून घ्या, पुन्हा ताजे द्रावक घाला, आणि तिसऱ्या खेपेत काही येते का ते पाहा. येत असेल तर दोन खेपा कमी पडत होत्या. कुणी त्वचा अल्कलीत विरघळवण्याचा सल्ला देईल. किरणोत्सारी खूण लावलेल्या रेणूला ते ठीक आहे, कारण रेणू तुटला तरी खूण मोजता येते. पण खुणेविना काम करणाऱ्यांनी जपून: थॅलेट एस्टरसारखी (प्लास्टिक मऊ करणारी) संयुगे अल्कलीत तुटतात आणि मग आपण नसलेली गोष्ट शोधत बसतो.

हे सगळे खरे प्रयोग लावण्याआधी कळू शकते. डोस न दिलेल्या त्वचेच्या तुकड्यावर, कोऱ्या बोळ्यावर, (त्वचेचे थर उचलायच्या) कोऱ्या चिकटपट्टीवर आणि कोऱ्या रिसेप्टर द्रवात माहीत असलेली मात्रा घाला, तीन पातळ्यांवर, आणि परत किती मिळते ते मोजा. या चारांपैकी एकही ८५-९० टक्क्यांच्या खाली असेल तर मी मानवी त्वचा बाहेर काढतच नाही. ती कुणीतरी संमतीने दिलेली असते. पद्धत बसलेली नसताना ती खर्च करणे मला पटत नाही.

जमाखर्चाची मर्यादा कोणती हेही तुम्ही विचारले आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची चाचणी मार्गदर्शिका ४२८, जी २००४ ची आहे, त्याबरोबरच्या मार्गदर्शनानुसार एकूण हिशेब १०० अधिक-उणे १० टक्क्यांत बसावा. पदार्थ बाष्पशील असेल किंवा खूण लावलेला नसेल तर ८० ते १२० पर्यंत सूट मिळते. ७१ कुठल्याच चौकटीत बसत नाही.

आता ज्या मुद्द्यावर बरेच जण अडतात तो: त्वचेत अडकलेले ३० टक्के शोषलेले धरायचे की नाही? हे अडकलेले नक्की कुठे आहे यावर अवलंबून आहे. स्ट्रॅटम कॉर्नियम, म्हणजे मृत पेशींचा वरचा थर, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. त्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यात जे आहे ते काही दिवसांत पेशींबरोबर झडून जाईल. खालच्या थरात आणि जिवंत एपिडर्मिसमध्ये जे पोहोचले ते पुढे जाणारच, ही सुरक्षित बाजू. म्हणून २४ तासांनंतर त्वचा धुऊन कोरडी करून चिकटपट्टीने थर उचलावेत. पहिल्या दोन पट्ट्या वेगळ्या कुपीत, कारण तो न शोषलेला भाग धरतात. पुढच्या पट्ट्या, साधारण १५ ते २० पर्यंत, दुसऱ्या कुप्यांत. उरलेली त्वचा तिसरीकडे, आणि क्लॅम्पच्या कडेखालची पट्टी चौथीकडे. कडेखालच्या भागात जास्त माल सापडला तर डोस बाजूने पसरला होता, आणि तो सेल बाद. पट्टी दरवेळी सारख्याच दाबाने, तेवढेच सेकंद दाबून, दिशा बदलत ओढायची. एपिडर्मिसच सबंध सुटून आला तर तिथेच थांबायचे.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१७ ची कीटकनाशकांसाठीची मार्गदर्शिका इथे एक सवलत देते. २४ तासांत रिसेप्टरमध्ये एकूण जेवढे उतरले त्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त पहिल्या १२ तासांतच उतरले असेल, तर सगळ्याच पट्ट्यांतला माल वगळता येतो, कारण शोषण संपत आल्याचे ते लक्षण. तुमच्यासारख्या प्रयोगात ही सवलत अतिशय फसवी ठरते. बफर संपृक्त झाले की आलेख आपोआप सपाट होतो. कागदावर नियम पूर्ण होतो आणि त्वचेतला खरा साठा खुशाल वगळला जातो. म्हणून रिसेप्टरची विद्राव्यता सिद्ध केल्याशिवाय हा नियम लावू नका.

त्वचा कोणती वापरली ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्यावर बरेच अवलंबून आहे. डर्माटोमने (त्वचेचे पातळ काप घेणाऱ्या यंत्राने) कापलेली २०० ते ४०० मायक्रोमीटरची पोटाची किंवा स्तनाची त्वचा असेल तर ठीक. पूर्ण जाडीची असेल तर खालचा जाड डर्मिस तेलकट रेणू धरून ठेवतो, जे शरीरात होत नाही कारण रक्त त्याआधीच माल उचलते. ३० टक्क्यांपैकी मोठा भाग तिथे अडकलेला असू शकतो. ६० अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवून वेगळा केलेला एपिडर्मिस हा तिसरा मार्ग, पण तो नाजूक असतो आणि त्यावर वीस पट्ट्या ओढता येत नाहीत. गोठवलेल्या त्वचेत अडसर बऱ्यापैकी टिकतो, एन्झाइमे मात्र बहुतांशी जातात. बेन्झो-ए-पायरीनचे त्वचेतच रूपांतर होते, त्यामुळे ताज्या त्वचेवर काम करणार असाल तर मूळ रेणूबरोबर त्याची चयापचयितेही (रूपांतरातून बनलेले रेणू) मोजावी लागतील, नाहीतर हिशेबात पुन्हा खड्डा पडेल.

प्रत्येक तुकड्याची अखंडता डोस देण्याआधी तपासा. ट्रिशियमयुक्त (किरणोत्सारी खूण लावलेल्या) पाण्याची सोय असेल तर पारगम्यता गुणांक, म्हणजे पदार्थ त्वचेतून किती वेगाने पार होतो तो आकडा, ताशी ०.००२५ सेंमी.च्या वर गेलेला तुकडा बाजूला काढण्याची प्रथा आहे. सोय नसेल तर विद्युतरोध किंवा त्वचेतून होणारे बाष्पोत्सर्जन मोजा; त्याची मर्यादा मात्र उपकरणागणिक बदलते, ती आपल्याच प्रयोगशाळेत सुईने भोके पाडलेल्या आणि धड तुकड्यांची तुलना करून ठरवावी.

मांडणीत एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे हवेचा बुडबुडा. थंड बफर भरून सेल गरम केला की विरघळलेली हवा बाहेर पडते आणि नेमकी त्वचेच्या पोटाशी जाऊन बसते. सेल तिरपा धरून खालून बॅटरी मारली तर ती चंदेरी टिकली दिसते. ५ मिमी व्यासाचा एकच बुडबुडा तुमच्या सेलच्या तोंडाचे ११ टक्के क्षेत्र झाकतो. तिथून खाली काहीच उतरत नाही, आणि हे कुठल्याच नोंदीत दिसत नाही. बफर आधी निर्वात करून किंवा सोनिकेटरमध्ये ठेवून त्यातली हवा काढा, कोमट असतानाच भरा, सेल उलटा करून बुडबुडा सॅम्पलिंगच्या नळीतून बाहेर काढा, आणि दर नमुन्यानंतर पुन्हा बघा.

तापमान त्वचेच्या *पृष्ठभागावर* ३२ अधिक-उणे १ अंश हवे. त्यासाठी जॅकेटमधले पाणी साधारण ३७ च्या आसपास ठेवावे लागते, पण खोलीवर ते बदलते, म्हणून आकडा त्वचेवर मोजा, बाथच्या पडद्यावर वाचू नका. आर्द्रता ३० ते ७० टक्के. नमुने १, २, ४, ८, १२, १६, २० आणि २४ तासांना. जेवढे काढाल तेवढेच त्याच तापमानाचे ताजे द्रव भरा, आणि आधी काढलेल्या नमुन्यांतला माल पुढच्या बेरजेत धरा. हे विसरले की आलेख शेवटी खाली वळतो. साठत जाणारी रक्कम कमी होऊच शकत नाही, तेव्हा तसा आलेख दिसला की आधी गणित तपासा.

किती वेळ संपर्क ठेवायचा हे तुम्ही कुणाबद्दल बोलत आहात यावर आहे. कामगाराच्या पाळीसाठी ८ तासांनी धुवा आणि नमुने २४ पर्यंत घेत राहा. धुताना सौम्य साबणाचे १-२ टक्के द्रावण, मग पाणी, मग कोरडा बोळा. प्रत्येक बोळा वेगळा मोजला तर शेवटच्यात काही येते का ते कळते. धुतल्यानंतर लगेचच्या नमुन्यात उसळी दिसली तर घाबरू नका. साबण काही वेळा माल आत ढकलतो, ती खरी घटना आहे आणि ती नोंदवायलाच हवी.

आता वाहक. तुम्हाला धुळीबद्दल बोलायचे आहे आणि डोस मात्र ॲसिटोनमधून दिला आहे. ॲसिटोन सेकंदांत उडून जाते आणि रेणू त्वचेवर मोकळा, पातळ थरात पसरतो. धुळीत तोच रेणू कार्बनच्या कणाला घट्ट धरून असतो. वर दिलेला ५१ विरुद्ध १३ हा फरक त्याचाच. म्हणून ॲसिटोनचा प्रयोग वरची मर्यादा म्हणून ठेवा आणि दुसरा गट खऱ्या, चाळलेल्या, बारीक धुळीचा लावा. यात एक सापळा आहे. त्वचेला टेकलेल्या कणांचा एकच थर माल देतो, वरचे थर नुसते बसून राहतात. धूळ दुप्पट घातली की शोषलेली मात्रा तेवढीच राहते आणि टक्केवारी निम्मी होते. जाड थरावर काढलेली छोटी टक्केवारी खऱ्या आयुष्यातल्या पातळ थराला लावली तर धोका कमी दिसतो. प्रौढाच्या त्वचेवर माती किती चिकटते याचा वर उल्लेखलेल्या अमेरिकी संस्थेचा ठरीव आकडा दर चौ. सेंमी.ला ०.०७ मिग्रॅ. आहे, लहान मुलांसाठी ०.२. सेलमध्ये इतके पातळ पसरणे कठीण आहे, पण जवळ जाण्याचा प्रयत्न करा आणि टक्क्यांबरोबर दर चौ. सेंमी.ला किती नॅनोग्रॅम, हेही नेहमी द्या.

पारगम्यता गुणांक काढू का, असेही तुमच्या प्रश्नात ओझरते आले आहे. या प्रयोगातून नको. तो काढायला वरची सांद्रता प्रयोगभर स्थिर लागते, म्हणजे भरपूर द्रवाचा डोस आणि आलेखाचा सरळ रेषेतला भाग. दूषित पाण्यात अंघोळ किंवा पोहणे असा प्रश्न असेल तर तो उपयोगाचा. पॉट्स आणि गाय यांचे १९९२ चे सूत्र घातले (ताशी सेंमी.मध्ये, लॉग केपी बरोबर उणे २.७२, अधिक ०.७१ गुणिले लॉग केओडब्ल्यू, उणे ०.००६१ गुणिले रेणुभार; केपी म्हणजे हाच गुणांक, केओडब्ल्यू म्हणजे रेणू पाण्यापेक्षा तेलकट ऑक्टेनॉलमध्ये किती पट जातो ते) तर बेन्झो-ए-पायरीनसाठी सुमारे १.२ येतो. वरील संस्थेच्या सुधारित सूत्राने सुमारे ०.७. इतक्या तेलकट रेणूला स्ट्रॅटम कॉर्नियम ओलांडणे सोपे असते, खालच्या पाणीदार थरात उतरणे अवघड. पहिले सूत्र तो अडथळा धरत नाही, म्हणून मी त्याला वरचा अंदाज समजतो.

रेप्लिकेटबद्दल, म्हणजे तोच प्रयोग किती सेलमध्ये करायचा त्याबद्दल. चार सेल ही किमान संख्या, पण एकाच दात्याच्या चार तुकड्यांना चार स्वतंत्र निरीक्षणे म्हणू नका. मी चार दाते आणि प्रत्येकी दोन सेल असे आठ धरतो. वरच्या युरोपीय मार्गदर्शिकेत सरासरीत प्रमाण विचलनाचा काही पट मिळवून आकडा द्यायचा असतो, आणि तो पट चार सेलना १.६, आठ सेलना ०.८४ आहे. जास्त सेल लावण्याचा फायदा असा थेट आकड्यात दिसतो. शिवाय पोटाच्या त्वचेचा आकडा सगळ्या अंगाला लागू होत नाही. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिझोनवर दाखवले की कोपर ते मनगट या भागातल्या हाताला १ धरले तर कपाळ ६, जबडा १३, अंडकोशाची त्वचा ४२ आणि तळपाय ०.१४. तुमच्या पदार्थाला हेच गुणोत्तर लागेल असे नाही, पण धूळ चेहऱ्यावर बसते, पोटावर नाही, हे चर्चेत लिहायलाच हवे.

आता हातातल्या डेटाचे. फेकू नका. रिसेप्टरचा आकडा 'द्रवाच्या विद्राव्यतेने मर्यादित' अशा स्पष्ट नोंदीसह ठेवा, शोषणाचा आकडा म्हणून नको. त्वचेतून काढलेली द्रावणे अजून शिल्लक असतील तर उणे २० अंशांना, अंधारात ठेवलेल्या कुप्या पुन्हा काढा, त्यातल्या दोन-तीनमध्ये माहीत मात्रा घालून पुन्हा चालवा. त्वचेचे तुकडे टाकले नसतील तर त्यांना द्रावकाच्या आणखी दोन खेपा द्या. हरवलेल्यातला काही भाग तिथेच निघण्याची चांगली शक्यता आहे. आणि ज्या द्रावणातून डोस दिला ते उरले असेल तर आजच त्याची सांद्रता मोजा, मात्र बाटलीचे झाकण सैल राहून ॲसिटोन उडाले नाही ना ते आधी वजन करून बघा. तो आकडा हातात आला की २९ टक्क्यांतले किती मुळात सेलपर्यंत पोहोचलेच नव्हते, ते कळायला सुरुवात होईल.